सहाबारी पिस्तूल, पाचच गोळ्या



बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. तीन महिने लेकाकडे डेन्व्हरला होते. तिथून परत येताना लोक चॉकलेटं आणतात, मी एक विषय घेऊन आले. विषय ऐकून नाशिकच्या वन्सं म्हणतील, "वहिनीला म्हातारपणी हे काय सुचलं!" कारण विषय आहे पिस्तुलाचा. खरं तर रिव्हॉल्वरचा. पण शेवटपर्यंत वाचा, मग काय ते बोला.

सुरुवात आपल्या ओळखीच्या ठिकाणापासून करू. १९७५ सालचा 'शोले' न पाहिलेला माणूस आपल्या घरात तरी नाही. गब्बरसिंग हातात रिव्हॉल्वर घेतो, आत सहा गोळ्या आहेत अशी खात्री करून घेतो, समोर माणसं तीन म्हणून तीन गोळ्या हवेत उडवतो आणि चक्र गरकन फिरवतो. हा प्रसंग आमच्या शाळेतली पोरं मधल्या सुट्टीत इतक्या वेळा करायची की मला तो पाठ झाला होता. दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलाचा आकारही पुष्कळदा तसाच असायचा. वाकडी मूठ, लांब नळी आणि मागे अंगठ्याने ओढायचा घोडा.

आता गंमत ऐका. ज्या अमेरिकेतून हे सगळं सिनेमात आलं, तिथला जाणता माणूस अशा सहाबारी पिस्तुलात सहा गोळ्या भरतच नसे. पाचच भरायचा. सहावं घर रिकामं. का, ते कळायला मला माझ्या वयाची पंचाहत्तरी गाठावी लागली!

झालं असं. लेकाच्या शेजारी एक आजोबा राहतात. माझ्याच वयाचे, पेन्शनर, बागेत रमणारे. आमचा नातू त्यांना ग्रँपा म्हणतो आणि शाळेतून आल्यावर अर्धा वेळ त्यांच्याच अंगणात असतो. मी इतिहासाची बाई हे कळल्यावर त्यांनी एका रविवारी चहाला बोलावलं. चहा झाल्यावर कपाटातून दोन लाकडी पेट्या काढल्या आणि दोन रिव्हॉल्वर टेबलावर ठेवली. माझ्या तर पोटात गोळाच आला. आपल्याकडे घरात शस्त्र म्हणजे परवाना, पोलीस ठाणं, निवडणूक आली की जमा करणं. इथे तर बिस्किटांच्या बशीशेजारी! त्यांनी आधी दोन्ही उघडून, चक्र फिरवून, रिकामी असल्याचं मला आणि लेकाला दाखवलं. मग पुन्हा एकदा दाखवलं. मास्तर माणसाला ही सवय आवडलीच.

दोन्ही रूगर कंपनीची, ब्लॅकहॉक नावाची. एक त्यांच्या वडिलांनी १९६० च्या दशकात घेतलेलं. दुसरं त्यांचं स्वतःचं, १९७६ सालचं. त्या वर्षी अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली म्हणून कंपनी नळीवर तसं वाक्य कोरत असे, तेही त्यावर होतं. मला दोन्ही सारखीच दिसली. आजोबा हसले. म्हणाले, "बाजूला बघा." जुन्याच्या अंगावर तीन स्क्रू होते. नव्यावर त्यांच्या जागी दोन पिना. बाहेरून एवढाच फरक. पण आतला फरक कळायला शंभर वर्षं मागे जावं लागतं, आणि मागे जाणं हा तर आपला धंदाच!

सॅम्युअल कोल्ट या माणसाने १८३६ मध्ये अमेरिकेत रिव्हॉल्वरचं पेटंट घेतलं. त्याची ती पहिली रिव्हॉल्वरं म्हणजे आपल्या ठासणीच्या बंदुकीची धाकटी भावंडं. चक्रातल्या प्रत्येक घरात दारू आणि गोळी ठासायची, मागे टोपी बसवायची. आयतं पितळी काडतूस मागच्या बाजूने सरकवायचं तर चक्राला आरपार भोक हवं आणि त्याचं पेटंट १८५५ पासून रोलिन व्हाइट नावाच्या माणसाकडे होतं. त्याचा हक्क स्मिथ अँड वेसन या प्रतिस्पर्धी कंपनीने घेऊन ठेवलेला. ते पेटंट १८६९ मध्ये संपलं. कोल्टसाहेब तोवर, १८६२ मध्येच, वारले होते. पण हार्टफर्ड गावातला त्यांचा कारखाना चालू होता. त्या कारखान्याने सरकारी चाचण्यांसाठी एक नवं रिव्हॉल्वर तयार केलं आणि १८७३ मध्ये अमेरिकन सैन्याने ते स्वीकारलं. पहिली मागणी आठ हजार नगांची. याचं नाव 'सिंगल ॲक्शन आर्मी'. लोक त्याला 'पीसमेकर' म्हणू लागले. म्हणजे शांती प्रस्थापित करणारा. नावं ठेवणारे सगळीकडे सारखेच!

'सिंगल ॲक्शन' म्हणजे काय, तर चाप एकच काम करतो. घोडा दर वेळी अंगठ्याने मागे ओढायचा, तेव्हा चक्र एक घर पुढे सरकतं. चाप दाबला की घोडा सुटतो. कोल्टचा घोडा मागे ओढताना चार वेळा 'टिक्' असा आवाज येतो. शौकीन लोक म्हणतात, ती कोल्टच्या इंग्रजी नावातली चार अक्षरं आहेत. मला हे ऐकून लाकडी जिन्याच्या पायऱ्या आठवल्या. पहिल्या पायरीवर घोडा जरा उचललेला राहतो, ती म्हणे सुरक्षेची. मधल्या पायरीवर चक्र मोकळं फिरतं, म्हणजे काडतुसं भरता येतात. शेवटच्या पायरीवर घोडा पूर्ण मागे, बार काढायला तयार.

खरी गोम इथेच आहे. त्या घोड्याच्या तोंडालाच टोकदार खिळा असतो. घोडा खाली असला की तो खिळा समोरच्या काडतुसाच्या बुडाला टेकलेला असतो. अशा वेळी पिस्तूल खाली पडलं किंवा घोड्यावर कशाचा फटका बसला की झाला बार! चापाला बोट लावायची गरजच नाही. ती सुरक्षेची पायरी होती, पण ती म्हणजे पोलादाची एक चिमुकली खाच. जोराच्या फटक्याने मोडू शकणारी.

मग लोकांनी उपाय काढला. एक भरा, एक सोडा, चार भरा. मग घोडा पूर्ण मागे घ्या आणि अलगद खाली सोडा. या क्रमाने केलं की घोड्यापुढे बरोबर रिकामं घर येतं. म्हणून सहाबारीत गोळ्या पाच. हा नियम पिस्तुलावर कुठेही कोरलेला नव्हता. बापाने मुलाला, जुन्या माणसाने नव्याला सांगायचा.

नियम मोडला की काय होतं त्याचा दाखला मोठ्या माणसाचा आहे. वायट अर्प हे नाव पाश्चात्त्य सिनेमे पाहणाऱ्यांना माहीत असेल. कायद्याचा रखवालदार म्हणून पुढे दंतकथा झालेला. हा अर्प १८७६ च्या जानेवारीत विचिटा गावात पोलीस होता. एका दारूच्या गुत्त्याच्या मागच्या खोलीत खुर्चीत बसला असता त्याचं रिव्हॉल्वर म्यानातून निसटलं, घोडा आपटला आणि बार उडाला. गोळी त्याच्या कोटातून आरपार जाऊन छतात घुसली. गावच्या वर्तमानपत्रात तेव्हा बातमीही आली. नशीब बलवत्तर, नाहीतर दंतकथा तिथेच संपली असती. म्हणजे अडाण्याचं सोडा, ज्याचं आयुष्य पिस्तुलाबरोबर गेलं त्याच्याकडूनही ही चूक झाली.

थोडं विषयांतर करते. लेकाने आम्हाला यलोस्टोन दाखवायला नेलं, तेव्हा वाटेत वायोमिंगमधल्या कोडी गावी थांबलो. बफेलो बिल कोडी याच्या नावाचं गाव. तिथे पाच संग्रहालयं एकाच छपराखाली आहेत आणि त्यातलं एक निव्वळ बंदुकांचं. काचेआडची रांगेतली शस्त्रं पाहताना मला 'शांतिदूत' हे नाव फार टोचलं. कारण त्याच छपराखाली दुसरं दालन तिथल्या मूळ रहिवाशांचं आहे. मण्यांचं काम केलेले कातडी पोशाख, लहान मुलांचे जोडे. जनरल म्हणून प्रसिद्ध असलेल्या कस्टरची घोडदळाची पलटण २५ जून १८७६ ला लिटल बिगहॉर्नच्या लढाईत लाकोटा आणि शायान लोकांकडून हरली, तेव्हा शिपायांच्या कमरेला हेच कोल्ट होतं. पण शेवटी जमीन गेली ती त्या दुसऱ्या दालनातल्या लोकांची. शाळेत १८५७ शिकवताना काडतुसाची गोष्ट मी वर्षानुवर्षं सांगितली. हत्याराची गोष्ट ही हातात धरणाऱ्याची तशीच समोरच्याचीही असते, एवढं त्या दिवशी पुन्हा पटलं. असो.

आता संग्राहकांकडे येऊ. जुनी नाणी, पोस्टाची तिकिटं जमवतात तसे तिकडे हे कोल्ट जमवणारे हजारो लोक आहेत. त्यांनी या एका रिव्हॉल्वरच्या पिढ्या पाडल्या आहेत. अगदी आजोबा, मुलगा, नातू असावेत तशा.

पहिली पिढी १८७३ ते १९४० च्या सुमारापर्यंतची. साधारण ३ लाख ५७ हजार नग. यातही पोटभेद. सुरुवातीची धुराच्या काळ्या दारूसाठी होती. चक्राच्या मधला दांडा धरून ठेवायला पुढून एक स्क्रू असायचा. १८९० च्या दशकात तो स्क्रू जाऊन आडवी, स्प्रिंगची कळ आली. १९०० च्या सुमारास कंपनीने बिनधुराच्या दारूसाठी हमी द्यायला सुरुवात केली. ही दारू जास्त जोराची. तेव्हा फार जुन्या कोल्टमध्ये आजचं जोरदार काडतूस घालणं म्हणजे म्हाताऱ्या बैलाला ट्रॅक्टरचा नांगर जुंपणं. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने १८९८ पर्यंतची शस्त्रं 'पुराणवस्तू' धरली जातात, त्यामुळे त्या सालाच्या अलीकडचं की पलीकडचं यालाही भाव असतो.

दुसरी पिढी १९५६ ते १९७४ ची, सुमारे ७३ हजार नगांची. महायुद्धाच्या वेळी बंद पडलेलं हे उत्पादन कोल्टने पुन्हा सुरूच करायचं नाही असं ठरवलं होतं. पण घरोघर टेलिव्हिजन आला, त्यावर काउबॉयच्या मालिका आल्या आणि लोकांना ते पिस्तूल हवंहवंसं झालं. म्हणजे एका मेलेल्या हत्याराला गोष्टींनी जिवंत केलं! तिसरी पिढी १९७६ पासूनची. हिच्यात नळीचे आटे बदलले, चक्र फिरवणारा भाग बदलला, चक्राच्या आतली सुटी नळकांडी जाऊन काही वर्षं घट्ट ठोकलेली आली. लगेच जाणकार म्हणू लागले, "पूर्वीसारखं राहिलं नाही!"

हे वाक्य कुठे ऐकलंय, मंडळी? माझ्या मते प्रत्येक मंगल कार्यालयात, जिलबी हातात घेतलेल्या प्रत्येक काकांच्या तोंडून. गंमत अशी की १९५६ मध्ये दुसरी पिढी आली, तेव्हा जुने लोक तिलाही नकलीच म्हणत असणार. आज तिलाच मान आहे. नव्याला नाकं मुरडायची आणि ते जुनं झालं की डोक्यावर घ्यायचं, हा माणसाचा स्वभाव सगळीकडे सारखा.

पण जुन्याची बाजू खोटीच असते असंही नाही. अमेरिकन सैन्याने १८९२ मध्ये कोल्टचंच पॉइंट ३८ चं नवं रिव्हॉल्वर घेतलं. ते भरायला सोपं, मारायला जलद. पण पुढे फिलिपिन्सच्या लढायांत त्याची गोळी कमी पडते अशा तक्रारी झाल्या आणि जुनी पॉइंट ४५ ची रिव्हॉल्वरं पुन्हा बाहेर काढावी लागली. तेव्हा 'जुनं ते सोनं' हे जसं अर्धसत्य, तसंच 'नवं ते हवं' हेही.

संग्राहकांच्या दुनियेतला एक नियम मला फार विचारात पाडून गेला. वस्तूला हात लावायचा नाही. कोल्टच्या अंगावरचा निळसर रंग उडाला असेल, तर उडालेलाच ठेवायचा. हौसेने नवा चढवला तर किंमत कोसळते. मूठ बदलली, स्क्रू बदलला, तरी कमी. जसं कारखान्यातून निघालं तसं, अंगावर काळाच्या खुणा घेऊन, ते खरं. कोल्टच्या कारखान्याच्या जुन्या वह्या अजून आहेत. त्यावरून अमुक क्रमांकाचं रिव्हॉल्वर कधी, कुठे पाठवलं गेलं याचं पत्र पैसे भरून मिळतं. आपल्याकडच्या जुन्या सनदांसारखंच!

आता पुन्हा शेजारच्या आजोबांच्या टेबलाकडे.

कोल्टने काम थांबवलं होतं तेव्हा विल्यम रूगर या माणसाने संधी साधली. त्याची कंपनी १९४९ ची. १९५३ मध्ये त्याने सिंगल-सिक्स आणि १९५५ मध्ये ब्लॅकहॉक बाजारात आणलं. रूप जुन्या कोल्टचं, पण आत पत्र्याच्या पट्टीच्या स्प्रिंगा काढून गुंडाळीच्या घातल्या. कोल्टच्या पट्ट्या मोडायच्या, या मोडेनात. एवढी सुधारणा केली, पण घोड्याच्या त्या पायऱ्या मात्र जुन्याच ठेवल्या. म्हणजे नियमही जुनाच, गोळ्या पाच.

फरक गिऱ्हाइकात पडला होता. १८७३ चं गिऱ्हाईक पिस्तूल कमरेला लावून वाढलेलं, नियम बापाकडून शिकलेलं. १९५५ चं गिऱ्हाईक टेलिव्हिजन पाहून दुकानात गेलेलं. त्याच्या बापाने कदाचित विमा कंपनीत नोकरी केलेली. त्याला पाचाचा नियम सांगणार कोण? सहा घरं दिसली, सहा गोळ्या भरल्या. अपघात होऊ लागले, खटले उभे राहिले. अलास्कातल्या एका माणसाला स्वतःचं ब्लॅकहॉक रिकामं करताना ते हातातून निसटून गोळी लागली. १९७९ मध्ये हे प्रकरण तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ज्यूरीने कंपनीला दंड म्हणून २८ लाख डॉलरांहून अधिक रक्कम लावली होती. न्यायालयाने ती फार जास्त म्हणून कमी करायला लावली, पण कंपनीवरचा दोष काही पुसला नाही.

तोवर कंपनीने रचना बदलली होती. १९७३ मध्ये, म्हणजे कोल्टच्या बरोबर शंभराव्या वर्षी, 'न्यू मॉडेल' आलं. यात घोडा आणि खिळा वेगळे झाले. घोडा खाली आला तरी खिळ्यापर्यंत पोचतच नाही. दोघांच्या मध्ये पोलादाची एक लहान पट्टी असते. चाप पूर्ण दाबून धरला तरच ती वर येते आणि घोड्याचा फटका खिळ्याला पोचवते. चाप सोडला की पट्टी खाली, मधला दुवाच नाही. कल्पना तशी नवी नव्हती. आयव्हर जॉन्सन कंपनी १८९० च्या दशकापासून अशी पट्टी वापरत होती आणि जाहिरातीत घोड्यावर हातोडा मारा म्हणून सांगत होती. पण काउबॉयच्या पिस्तुलात ती घालायला १९७३ उजाडलं. आता सहाही घरं भरा, हरकत नाही.

आजोबांनी मला दोन्ही घोडे ओढून दाखवले. जुन्याचा आवाज पायरीपायरीने आला. नव्यात भरायची मधली पायरीच नाही. बाजूची झडप उघडली की चक्र आपोआप मोकळं. "आवाज गेला," आजोबा म्हणाले. "आवाजातच मजा होती."

१९८२ पासून रूगर कंपनीने एक सोय केली. १९७३ च्या आधीचं रिव्हॉल्वर पाठवा, आम्ही फुकट त्यात नवी पट्टी आणि लागणारे भाग बसवून देऊ. आणि काढलेले जुने भाग? तेही पिशवीत घालून परत! पुढे कुणाला मूळ रूप हवं असेल तर त्याची वस्तू त्याच्याकडे.

आजोबांची अडचण हीच होती. वडिलांचं रिव्हॉल्वर पाठवावं की नाही? पाठवलं तर ते 'मूळ' राहणार नाही. संग्राहक नाक मुरडतील. चापाची लकब बदलते असंही जाणकार सांगतात. वडिलांचा अंगठा ज्या घोड्यावर पडला तो घोडा पिशवीत जाईल. त्यांच्याही मुद्द्यात तथ्य होतं. "यंत्रावर भिस्त ठेवली की माणूस निष्काळजी होतो. मी नातवांना नियम शिकवीन," असं त्यांचं म्हणणं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, तुम्ही इतिहास शिकवलात. जुन्या वस्तूला हात लावावा का?"

चाळीस वर्षांच्या नोकरीत इतका सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. लेक भाषांतर करायला थांबला होता. आणि मला एकदम आमच्या सासूबाईंचा स्टोव्ह आठवला.

आता लिहिते ते भाचीला विचारून लिहिते आहे. ती हा ब्लॉग वाचते.

सासूबाईंचा पितळी पंपाचा स्टोव्ह होता. चिंचेने घासून सोन्यासारखा लखलखीत ठेवलेला. त्याला एक खोड होती. पंप दहाच मारायचे, अकरावा नाही. मग चावी जराशी ढिली करून पुन्हा घट्ट करायची. घरात आलेल्या प्रत्येक सुनेला त्यांनी हे शिकवलं. मलाही. वीस वर्षांत काही झालं नाही, म्हणून गॅस आला तरी स्टोव्ह स्वयंपाकघरातच राहिला. मोडीत काढा म्हटलं की सासूबाई म्हणायच्या, "वापरता आलं पाहिजे, वस्तूचा काय दोष?" मीही तेच म्हणायची. एका मे महिन्यात नणंदेची मुलगी राहायला आली. सोळा वर्षांची. दुपारी आम्ही सगळ्या आडव्या झालो असताना आम्हाला उठवायला नको म्हणून तिने आपल्या हाताने चहा करायला घेतला. ज्योत लहान वाटली, म्हणून पंप मारत राहिली. किती मारले तिला आठवत नाही. तिला कुणी मोजायला सांगितलंच नव्हतं.

जीव वाचला. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले. त्या खुणा अजून आहेत. लग्नात तिने लांब बाह्यांचं पोलकं घातलं होतं, ते आपल्या सगळ्यांना आठवत असेल. कारण मात्र घरात कधी कुणी मोठ्याने बोललं नाही.

पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःला विचारत होते, चूक कुणाची? पोरीची नाहीच. सासूबाई तर रोज काळजीने वापरायच्या. शेजारच्या आजोबांच्या टेबलापाशी मला त्याचं उत्तर सापडलं असं वाटलं. त्या स्टोव्हची सुरक्षा स्टोव्हमध्ये नव्हती, आमच्या डोक्यात होती. आम्ही जाग्या होतो तोवर तो सुरक्षित. आम्ही झोपलो आणि तो नुसता स्टोव्ह उरला.

मी आजोबांना एवढंच म्हटलं, "तुमच्या वडिलांचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. पण हे पिस्तूल तुमच्यानंतरही राहणार आहे. तेव्हा नियम सांगायला तुम्ही नसाल." लेकाने भाषांतर केलं. आजोबा बराच वेळ दोन्ही पिस्तुलांकडे बघत बसले. मग पेट्या बंद करून त्यांनी कपाटाला कुलूप लावलं आणि विषय बदलला. मला वाटलं, जास्त बोलले की काय!

त्या दिवसांत मनात आणखी एक गोष्ट होती. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू मेक्सिको राज्यात एका सिनेमाच्या चित्रीकरणात नटाच्या हातातल्या रिव्हॉल्वरमधून खरी गोळी सुटून छायाचित्रकार हलिना हचिन्स गेली, हे तुम्ही वाचलं असेल. ते रिव्हॉल्वर म्हणजे या १८७३ च्या कोल्टची इटलीत बनलेली नक्कल होती. शस्त्रांची व्यवस्था पाहणाऱ्या तरुणीला २०२४ मध्ये दोषी ठरवलं गेलं. नटावरचा खटला त्याच वर्षी रद्द झाला. चाप दाबला की नाही यावर पुष्कळ वाद झाला, त्यात मी पडत नाही. मूळ चूक खरी गोळी तिथे पोचण्याची. म्हणजे नियम सांगणारी आणि पाळणारी माणसं असूनही नियम निसटला. सगळं माणसांच्या लक्षात राहण्यावर सोडलं की असं होऊ शकतं.

यावर कुणी म्हणेल, बाई, मुळात घरात पिस्तूल हवंच कशाला? माझंही मत तेच आहे. मी ते आजोबांना सांगितलंही. ते म्हणाले, "तुमच्या देशात राहिलो असतो तर मीही तेच म्हणालो असतो." यावर वाद घालायला माझं इंग्रजी पुरेना. पण नातू त्या अंगणात खेळतो म्हणून लेकाने त्यांना स्पष्ट विचारलं. कपाटाची किल्ली कायम त्यांच्या खिशात असते आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत, वेगळ्या कुलपात असतात, हे त्यांनी स्वतः दाखवलं. तेव्हा सूनबाईच्या जीवात जीव आला.

मी परत आल्यावर पंधरा दिवसांनी लेकाचा फोन आला. आजोबांनी वडिलांचं रिव्हॉल्वर कंपनीकडे पाठवलं होतं आणि ते परतही आलं होतं. जुने भाग पिशवीत आले. ती पिशवी त्यांनी वडिलांच्या फोटोमागे ठेवली आहे. बाईंना कळवा म्हणून त्यांनी मुद्दाम सांगितलं.

मला हा तोडगा फार आवडला. जुनं फेकलं नाही, पण जिथून ते कुणाचा घात करील तिथून काढून घेतलं. आपल्या घरांतल्या रीतीभातींचंही असंच करता येईल का? ज्या रीती फक्त जाणत्या माणसाच्या हाती सुरक्षित असतात, त्यांतली धोक्याची कळ काढून ठेवावी. आठवण म्हणून पिशवीत जपावी. पुढच्या पिढीला नियम सांगायचं आपण विसरू, किंवा आपण नसू, हे धरूनच वस्तू पुढे द्यावी.

सासूबाईंचा स्टोव्ह अजून माळ्यावर आहे. बर्नर मी तेव्हाच काढून टाकला होता, पण टाकी टाकवली नाही. परवा दसऱ्याला खाली काढून चिंचेने घासला. भाची आली होती, तिनेच घासायला घेतला. म्हणाली, "मामी, काय सुंदर दिसतो गं हा!"

दिसतोच.

तुमच्याही घरात असं काही जपून ठेवलेलं असेल तर जरूर कळवा. आणि वन्सं, तुम्ही शेवटपर्यंत वाचलंत ना?